ठेका आणि नेम : तालावर गोळी झाडायला लावणाऱ्या खेळांविषयी

आजच्या विषयाचं शीर्षक कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला व्हिडिओ गेममधल्या गोळीबाराशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे, आणि ते जुनं आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात असं मांडलं, की लय आणि स्वरमेळ या गोष्टी माणसाच्या आत सगळ्यांत खोल उतरतात. विचार जागा होण्याच्या आधीच त्या आपलं काम करून गेलेल्या असतात. त्यातून त्याने पुढे संगीतावर राज्याची देखरेख असावी असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. पण लय आधी शरीरात शिरते आणि मग बुद्धीला कळते, हे त्याचं निरीक्षण आजही खोडून काढता येत नाही.

आता गंमत पहा. आज लय थेट हाताच्या बोटांत उतरते अशी जी ठिकाणं आहेत, त्यांत खेळांचा एक छोटासा प्रकार आहे : संगीताच्या ठोक्यावर बंदूक चालवायची. २००१ सालचा 'रेझ', २०१९ चा 'पिस्टल व्हिप', २०२० चा 'बीपीएम : बुलेट्स पर मिनिट', २०२२ चा 'मेटल : हेलसिंगर'. हे खेळ आम्ही हाताळून पाहिले, आमच्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान असलेल्या खेळाडूंच्या शेजारी बसून पाहिले. त्यांच्यावर टीका कशी करायची, म्हणजे चांगलं-वाईट कुठल्या निकषावर ठरवायचं, हा आजचा प्रश्न.

या खेळांबद्दल दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, की संगीताची साथ दिल्यामुळे हिंसा सुंदर दिसायला लागते, म्हणून हे खेळ साध्या गोळीबारापेक्षा वाईट. दुसरं मत म्हणतं, की लयीमुळे हिंसा विरघळून जाते, उरतो तो नाच. म्हणून हे खेळ निरुपद्रवी. दोन्ही मतं हिंसेकडेच पाहतात, लयीकडे कुणीच पाहत नाही. आपण आज लयीकडे पाहू. विचारायचा प्रश्न असा : या खेळात कोण कोणाचं ऐकतं? संगीत खेळाडूचं ऐकतं, की खेळाडू संगीताचं?

सुरुवात जरा मागून करू. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. पाच ओळी, प्रत्येकीत अकरा, असे पंचावन्न परग्रहवासी डावीकडून उजवीकडे सरकत सरकत खाली येतात आणि आपण खालून त्यांना टिपायचं. त्याला संगीत म्हणावं असं काही नाही; खर्जातल्या चार सुरांची उतरती धून पुन्हा पुन्हा वाजत राहते, एवढंच. पण त्यात एक विलक्षण गोष्ट घडते. त्या यंत्राची ताकद मर्यादित होती. पडद्यावर आकृत्या जास्त असल्या की त्या हळू सरकायच्या, आणि आपण एकेक आकृती पुसत गेलो की उरलेल्या आपोआप जलद व्हायच्या. निशिकादोंनी हा यांत्रिक परिणाम काढून न टाकता तसाच ठेवला, आणि ती चार सुरांची धूनही आक्रमण जवळ येईल तशी जलद होत जाते.

याचा अर्थ लक्षात घ्या. खेळाडूचं यशच लय वाढवतं, आणि वाढलेली लय त्याच्याच छातीत धडधडते. प्रत्येक अचूक गोळी पुढची गोळी अवघड करून ठेवते. इथे ठोक्यावर गोळी झाडण्याची सक्ती नाही. तरीही ताल आणि कृती यांचं नातं खरं आहे, कारण एकाने दुसऱ्याला बदलवलं आहे. आमच्या मते या सगळ्या प्रकाराचं बीज तिथे आहे, आणि नंतरच्या पुष्कळ चकचकीत खेळांना ते सापडलेलं नाही.

आता 'रेझ'. तेत्सुया मिझुगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेगासाठी केलेला हा खेळ. गोष्ट थोडक्यात अशी : ईडन नावाची एक कृत्रिम बुद्धी एका संगणक-जाळ्याचा कारभार पाहते, माहितीच्या लोंढ्याखाली ती गुदमरते, स्वतःच्या असण्याबद्दलच तिला शंका येते आणि ती मिटून जाते. खेळाडू त्या जाळ्यात शिरून तिच्यापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करतो. वाटेत येणाऱ्या आकृत्या माणसं नाहीत. रेषांनी आखलेले आकार आहेत. बटण दाबून धरायचं, निशाण फिरवत एका वेळी आठपर्यंत आकृत्या पकडायच्या, आणि बटण सोडायचं. सोडल्यावर गोळ्या सुटतात, आणि प्रत्येक आघाताचा एक सूर किंवा तालाचा एक तुकडा वाजतो.

खरी मेख इथे आहे. बटण आपण कधीही सोडू, पण आघाताचा आवाज यंत्र नेमका पुढच्या मात्रेवर आणून बसवतं. तुमचा हात किंचित आधी किंवा मागे असला तरी ऐकू येतं ते तालातच. आणि जसजसं आत जावं तसतसे संगीताचे थर चढत जातात. आधी नुसता ठोका, मग खर्ज, मग झांजेसारखं काही, मग सूर. खेळाच्या शेवटी हा खेळ कांडिन्स्कीला अर्पण केला आहे. रंगाला नाद असतो आणि नादाला रंग, असं मानणारा हा रशियन चित्रकार. कलेतल्या आत्मिकतेवरचं त्याचं पुस्तक १९११ साली आलं. त्याचं नाव शोभेसाठी घेतलेलं नाही. दिसणं, ऐकणं आणि हाताची हालचाल ही तिन्ही एकाच अनुभवात गुंफण्याचा प्रयत्न 'रेझ'मध्ये खरोखर आहे. कंट्रोलरचं कंपनसुद्धा तालात चालतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. यंत्रच जर चूक दुरुस्त करून देत असेल, तर ताल कोणाचा? तबल्याला हात लावणाऱ्या पोराने काहीही बडवावं आणि ऐकू मात्र शुद्ध ठेका यावा, असं हे झालं. खुशामतच म्हणायची ही. आक्षेपात तथ्य आहे. पण एक गोष्ट त्यातून निसटते. 'रेझ'मध्ये आपण गोळी झाडली नाही तर तो सूर वाजतच नाही. एक पकडून सोडायची की आठ पकडून सोडायच्या, यावर वाजणारा तुकडा बदलतो. आणि पकडण्यासाठी थांबावं लागतं. थांबण्याच्या त्या दोन-चार मात्रांत खेळाडू नकळत ऐकू लागतो. काही वेळाने तो गोळी अशा जागी सोडतो जिथे संगीताला तिची गरज आहे. कोणी त्याला सांगितलेलं नसतं. गुणही त्यासाठी मिळत नाहीत. आमच्या मते याला ऐकणं म्हणतात.

ऐकणं म्हणजे काय, याचा जरा विचार करू. हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञाने १९०५ च्या व्याख्यानांत कालबोधाचं विश्लेषण केलं, आणि उदाहरण घेतलं ते सुरावटीचं. सुरावट ऐकताना आपल्या जाणिवेत केवळ आत्ताचा सूर नसतो. नुकताच गेलेला सूर अजून धरून ठेवलेला असतो, आणि येऊ घातलेल्या सुराकडे मन आधीच झुकलेलं असतं. असं नसतं तर एकेक सुटा आवाज ऐकू आला असता, सुरावट नव्हे. आपल्याकडच्या मैफलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समेची वाट सगळी बैठक पाहत असते, आणि गायक समेवर आला की एकदम माना हलतात. त्या माना सम ऐकून हलत नाहीत. त्या समेबरोबर हलतात. म्हणजे त्या आधीच निघालेल्या असतात.

याच्या शेजारी नेम ठेवून पहा. नेम धरणं ही काळाची नव्हे, अवकाशाची गोष्ट आहे. समोर कोणीतरी आहे, ते कुठे आहे, किती दूर आहे, कुठे सरकतंय, हे पाहावं लागतं. नेम बाहेर पाहायला लावतो, आणि ठेका आत ऐकायला लावतो. नेमाला योग्य क्षणाची वाट पाहायची असते. ठेक्यात तो क्षण आधीच ठरलेला असतो. १२० च्या लयीत दर अर्ध्या सेकंदाला एक. समोर कोणी असो वा नसो, तो येणार आणि जाणार. मग ज्या खेळात दोन्ही एकदम मागितलं जातं, तिथे काहीतरी ढिलं सोडावंच लागतं. या प्रकारच्या खेळांत बहुधा नेम ढिला सोडतात. 'पिस्टल व्हिप'मध्ये तर यंत्र गोळीला लक्ष्याकडे वळायला सढळ हाताने मदत करतं.

इथून विषय गंभीर होतो. बंदूक आणि ठेका यांची गाठ व्हिडिओ गेमवाल्यांनी पहिल्यांदा घातलेली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये मॉरिस ऑफ नासाऊने आपल्या सैन्याची कवायत नव्याने बसवली. तोड्याची बंदूक भरून झाडणं हे किचकट काम होतं. ते सुट्या सुट्या हालचालींत तोडून, प्रत्येकीला एक हुकूम जोडून, सगळ्यांनी एकसाथ करायचं असं ठरलं. १६०७ साली याकोब द गेइनने त्या हालचालींचं सचित्र पुस्तक काढलं. एकट्या मोठ्या बंदुकीसाठी त्यात चाळीसहून अधिक चित्रं आहेत. कशासाठी हा खटाटोप? त्या बंदुकीने अचूक नेम साधत नसे. मग नेमाऐवजी एकसाथ मारा उपयोगी. आणि एकसाथ मारा करायचा तर शिपायाने विचार करता कामा नये; हाताने आपलं आपण चालावं.

विल्यम मॅकनील या इतिहासकाराने १९९५ साली यावर 'कीपिंग टुगेदर इन टाइम' नावाचं पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतः केलेल्या कवायतीची आठवण त्याने त्यात नोंदवली आहे. तासन् तास पावलं आपटण्यात खरं तर काही अर्थ नव्हता, पण त्यातून एक विचित्र सुख मिळत होतं; आपण आपल्यापेक्षा मोठं झाल्यासारखं वाटत होतं. हे सुख ज्याने ढोल-ताशाच्या पथकात वाजवलं आहे, लेझीम खेळली आहे किंवा दिंडीत पावली धरली आहे, त्याला परकं नाही. ते सुख वाईट असं आम्ही म्हणत नाही. दिंडी आणि कवायत या दोन्हींत ते तेच असतं. फरक पडतो तो त्या सुखाच्या शेवटी काय उभं आहे यावर.

आता 'बीपीएम' घ्या. नॉर्स पुराणातल्या अस्गार्ड नगरीत एक वॉल्किरी राक्षसांशी लढते. चालणं मोकळं आहे. बाकी झाडणं, उडी, झेप, बंदूक भरणं, सगळं रॉक संगीताच्या ठोक्यावर. ठोका चुकला की गोळी सुटत नाही. काही बंदुका भरायला एकामागून एक अशी अनेक बटणं ठोक्यावर दाबावी लागतात. शत्रूही त्याच तालात हालतात. खेळायला हे फार रंगतदार आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पंधरा-वीस मिनिटांत खेळाडूची मान डोलायला लागते आणि बंदूक भरण्याची कंटाळवाणी क्रिया पखवाजाच्या बोलासारखी वाटू लागते. पण द गेइनची चित्रं आठवा. तीच सुटी हालचाल, तोच हुकूम, तेच सुख. इथे संगीत हवालदार झालं आहे. तुमच्या हातून काहीही होवो, गाणं बदलत नाही. तुम्ही त्याच्याशी जुळलात तर बंदूक तुमची, नाहीतर नाही. आम्ही मघाशी विचारलं होतं, कोण कोणाचं ऐकतं? इथे खेळाडू ऐकतो, म्हणजे आज्ञा ऐकतो. मराठीत 'ऐकणं' या शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत, ही आपल्या भाषेची हुशारी म्हणायची. मूल ऐकत नाही असं आई म्हणते, तेव्हा तिला मुलाच्या कानांची काळजी नसते.

'मेटल : हेलसिंगर' याहून चतुर आहे. स्वीडनच्या द आउटसायडर्स या चमूने केलेला हा खेळ. नरकात उतरलेल्या नायिकेचा आवाज हिरावून घेतलेला आहे आणि ती तो परत मिळवायला निघाली आहे. ठोका चुकला तरी गोळी सुटते, फक्त तिचा जोर कमी. ठोक्यावर मारत राहिलं की आवेशाचा गुणक वाढत वाढत सोळापटीपर्यंत जातो, आणि प्रत्येक पायरीवर संगीतात एकेक थर मिसळतो. सोळापटीला पोहोचल्यावर गायकाचा आवाज सुरू होतो. सर्ज टँकियनसारखे नावाजलेले गायक आहेत. म्हणजे गाणं हे बक्षीस. चुकलात की आवाज काढून घेतला. मूक नायिकेच्या गोष्टीत आवाज असा कमवावा लागणं, ही कल्पना आम्हाला मनापासून आवडली.

पण याच खेळात एक छोटी सोय आहे, ती फार बोलकी आहे. नायिकेजवळ पाझ नावाची एक कवटी असते. ती ताल धरून राहते, आणि शस्त्र म्हणूनही हाती घेता येते. तिच्या माऱ्याला जोर बेताचाच. तिचा मोठा उपयोग असा, की समोर शत्रू नसला तरी ठोक्यावर झाडत राहून साखळी तुटू द्यायची नाही. समोर कोणीही नाही आणि तरी झाडत राहायचं! या ठिकाणी गोळी ही गोळी राहिलीच नाही. ती टाळी झाली. हिंसा विरघळते म्हणणाऱ्यांचं इथपर्यंत बरोबर आहे. पण हिंसेबरोबर आणखी काय विरघळलं, हे ते पाहत नाहीत. विरघळला तो समोरचा. तो आला काय, न आला काय, हाताला फरक पडत नाही.

रेषांचे आकार असोत, नरकातले राक्षस असोत, तोवर हे निभावून जातं. 'पिस्टल व्हिप'मध्ये आभासी वास्तवाचा चष्मा डोळ्यांवर चढतो, हातात पिस्तूल येतं आणि समोरून येतात त्या माणसांच्या आकृत्या, चेहरा नसलेल्या. ठोक्यावर मारलं तर गुण जास्त. येणाऱ्या गोळ्या चुकवायला सगळं शरीर वाकतं, डुलतं. व्यायाम म्हणून छान, नाच म्हणूनही छान. मात्र चेहरा काढून टाकावा लागला, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. चेहरा दिसला असता तर क्षणभर का होईना, हात थबकला असता. आणि थबकणं हीच या प्रकारच्या खेळातली एकमेव खरी चूक आहे.

आता आमचं म्हणणं एका जागी आणतो. कृतीच्या आधी माणसाकडे एक फट असते. करू की नको, आत्ता की नंतर, याच्यावर की त्याच्यावर. नीती नावाची जी काही गोष्ट आहे, ती त्या फटीत राहते. लय ती फट बुजवते. म्हणून तर लयीत सुख आहे. निर्णयाचं ओझं उतरतं. शेतात लावणी करताना, नांगर ओढताना, जड ओंडका उचलताना गाणं म्हणतात ते यासाठीच. ओंडका उचलताना फट बुजली तर बरंच झालं. बंदूक हातात असताना ती बुजते तेव्हा, खेळात का असेना, टीकाकाराने थांबून विचारलं पाहिजे.

कोणी म्हणेल, "सर, खेळ आहे तो, कोण मरतंय?" बरोबर. कोणी मरत नाही, आणि हे खेळ खेळून पोरं बंदुका उचलतील असं आम्ही म्हणतही नाही. आमची तक्रार कलेच्या अंगाने आहे. ज्या खेळात थबकणं ही फक्त चूक असते, तो खेळ संगीत म्हणूनही अपुरा आहे. आपला तीनताल घ्या. सोळा मात्रा, पहिलीवर सम आणि नवव्या मात्रेवर खाली. खालीच्या वेळी टाळी वाजत नाही, हात नुसता बाजूला होतो. पण ती मात्रा मोजलेली असते. खाली नसेल तर सम कुठे आहे हेच कळणार नाही. न वाजवणं हाही तालाचाच भाग, ही समज आपल्याला तबलजीच्या शेजारी बसून मिळते. गोळी न झाडणं हाही तालाचाच भाग, अशी समज देणारा खेळ अजून आमच्या हाती लागलेला नाही. 'रेझ' तिच्या जवळ जातो, कारण तिथे पकडून धरायला, थांबायला जागा आहे. 'स्पेस इन्व्हेडर्स' वेगळ्या वाटेने जवळ जातो, कारण तिथे प्रत्येक गोळीचा परिणाम लयीलाच भोगावा लागतो.

तेव्हा हे खेळ पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात, असं आम्ही सुचवतो. एक, माझ्या कृतीने संगीत बदलतं का, की मी केवळ त्याच्या मागे धावतो? दोन, थांबण्याला त्यात किंमत आहे का? तीन, समोरचा नाहीसा झाला तरी माझा हात तसाच चालू राहील का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर आपण नेमबाजी खेळत नाही, कवायत करत आहोत हे ओळखावं. मग ती खुशाल करावी. कवायतीनेही अंग मोकळं होतं. पण तिला तिच्या नावाने हाक मारावी.

हे ऐकणाऱ्यांत असे खेळ बनवणारे किंवा बनवू पाहणारे तरुण असतील. त्यांच्याकडे एक मागणं आहे. ठोक्यावर गोळी सुटणारे खेळ पुष्कळ झाले. असा एक खेळ करा, ज्यात खालीच्या मात्रेवर बंदूक खाली येते, समोर कोण आहे ते त्या एका मात्रेपुरतं दिसतं, आणि न झाडल्यामुळे संगीताला काहीतरी मिळतं. अवघड आहे. पण ते जमलं तर गोळी आणि ताल यांची सांगड पहिल्यांदाच संगीताच्या बाजूने पडली, असं म्हणता येईल.

प्रश्न असतील तर घेऊ.